विंगटिपमधले लँडिंग लाइट : उष्णतेच्या बाबतीत या चुका टाळा

घरी बांधलेल्या विमानाच्या विंगटिपमध्ये, म्हणजे पंखाच्या टोकात, लँडिंग लाइट बसवताना लेन्स कापणं आणि प्रकाशझोताचा कोन जुळवणं यावर आठवडे जातात. उष्णता कुठून बाहेर पडणार, हे मात्र कुणी आधी ठरवत नाही.

सगळ्यात महागात पडते ती दोन मिनिटांची चाचणी. दिवा लावला, हात लावून पाहिला, कोमट लागला, लेन्स बसवून टाकली. पुढचा प्रकार ठरलेला. भर उन्हात विमान टेकऑफच्या रांगेत थांबलेलं, दिवे चालू, टिप आधीच तापलेली आणि आतली हवा कोंडलेली. हॅलोजनची बहुतेक वीज उष्णतेतच जाते. त्यातून 12 व्होल्टचा 100 वॉटचा बल्ब 14 व्होल्टवर चालला, तर तो सव्वाशे वॉटच्या वर जातो. फायबरग्लासला धरून ठेवणारं, गरम न करता सेट केलेलं साधं इपॉक्सी बऱ्याचदा 60 ते 80 अंशांतच नरम पडू लागतं. ब्रॅकेटजवळचं फायबरग्लास झुकतं आणि झोत भलतीकडे वळतो. अ‍ॅक्रिलिक लेन्स 100 अंशांच्या आसपास नरम पडते. हवेत वारा टिप थंड ठेवतो, म्हणून हे नुकसान जवळजवळ नेहमी जमिनीवरच होतं.

म्हणून चाचणी लेन्ससकट, टिप पूर्ण बंद करून, 14 व्होल्टवर, पंखा न लावता अर्धा तास करा. रंग एकदा बदलला की परत न येणाऱ्या तापमानपट्ट्या दिव्याच्या मागे, टिपच्या वरच्या आवरणाला आतून आणि लेन्सच्या वरच्या कडेला चिकटवा. चाचणी 25 अंशांत केली असेल आणि विमान 45 अंशांत उभं राहणार असेल, तर आकड्यात 20 मिळवा. उन्हाचा ताप त्याहून वेगळा. अर्धा तास थांबायला कंटाळा येत असेल, तर हे काम हाती घेऊ नये.

दुसरा गैरसमज, 'एलईडी गरम होत नाही'. झोतात उष्णता नसते, त्यामुळे लेन्स वाचते. पण निम्म्याहून जास्त वीज दिव्याच्या पाठीत उष्णता होऊन साठते. फायबरग्लास उष्णता फारशी वाहून नेत नाही. त्यावर थेट स्क्रू केलेला दिवा तापतो आणि चांगला ड्रायव्हर (एलईडीची वीज सांभाळणारं सर्किट) असेल तर स्वतःच मंद होतो, नेमका उतरताना. मधे 3 मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियम प्लेट घालून ती पंखाच्या शेवटच्या धातूच्या रिबला (आतल्या फासळीला) बोल्ट करा. दिवा आणि प्लेटच्या मधे थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) अगदी पातळ लावा. जाड थर उष्णता अडवतो. हीट सिंकच्या, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या भागाच्या, पात्या उभ्या ठेवा.

लेन्सची भोकं स्क्रूएवढीच पाडू नका. 300 मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक 50 अंशांनी तापलं की सुमारे 1 मिलिमीटर वाढतं, आणि तडा भोकापासूनच जातो. स्क्रू फक्त टेकवा.

हवेची वाट ठेवताना बाहेर जाणारं भोक आत येणाऱ्यापेक्षा मोठं हवं. विमान जमिनीवर उभं असताना टिपचा जो भाग सगळ्यात खाली येतो, तिथे पाणी निथळायला 6 मिलिमीटरचं भोक पाडा.

हॅलोजनजवळ पीव्हीसी वायर नको. टेफझेल (उष्णता सोसणारं आवरण असलेली) वायर, सिरॅमिक सॉकेट आणि शेवटच्या 15 सेंटिमीटरवर काचतंतूची स्लीव्ह घाला. बल्बच्या काचेला उघडा हात लावू नका.

उष्णता परतवायला अ‍ॅल्युमिनियम टेप चांगली, पण टिपमध्ये व्हीओआरचा (दिशा दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेचा) अँटेना असेल तर ती लावू नका, त्याचं काम बिघडतं.