मुंबईहून न्यूयॉर्कला येताना तासांचा हिशोब

पहिल्यांदा इकडे येणारे जवळपास सगळेच विचारतात: थेट विमान घेऊ, की मध्ये थांबा असलेलं स्वस्त तिकीट काढू?

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. लंडनमार्गे आलात तर त्यात जेमतेम दोन-तीनशे किलोमीटरची भर पडते, दुबईमार्गे चारएकशेची. भिंतीवरच्या सपाट नकाशात लंडन फार वर, आडवाटेला दिसतं. पण पृथ्वी गोल, त्यामुळे जवळची वाट उत्तरेकडूनच जाते. वेळ जातो तो मधल्या विमानतळावर. थेट विमान इकडे यायला साधारण सोळा तास घेतं, एक थांबा असला की वीस-बावीस तास धराच. परतीला मात्र पश्चिमेकडून वाहणारे वारे पाठीशी असतात आणि तास-दीड तास वाचतो.

एकटे, तरुण असाल तर थांब्याचं तिकीट खुशाल घ्या. पण दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत, म्हणजे पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढची सोय करणं विमान कंपनीचं काम. लहान मूल किंवा वयस्कर आई-बाबा सोबत असतील तर थेट विमानाचे जास्तीचे पैसे मी तरी आनंदाने देईन. न्यूयॉर्कहून पुढे डॅलस किंवा शिकागोला जायचं असेल, तर इमिग्रेशन इथेच होतं आणि साधारणपणे बॅगाही इथेच उचलून पुन्हा द्याव्या लागतात. मध्ये तीन तास तरी ठेवा.

तारखेकडे नीट लक्ष द्या. मुंबईहून बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. १५ तारखेला पहाटे दीडचं विमान म्हणजे १४ तारखेच्या रात्री साडेनऊ-दहालाच विमानतळावर पोचायचं. उन्हाळ्यात न्यूयॉर्क भारताच्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. त्यामुळे हेच विमान उन्हाळ्यात इथे १५ तारखेलाच सकाळी आठच्या सुमारास उतरतं. अख्खा दिवस हाताशी आहे असं वाटतं. तुमच्या शरीराच्या घड्याळात मात्र तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, आणि दुपारी इथे घर बघायला निघाल तेव्हा तिथली रात्र झालेली असते. त्या दिवशी भाडेकरारावर सही करू नका. उजेडात थोडं चाला, रात्री नऊपर्यंत कसंही करून जागे राहा.

झोपेची घडी बसायला आठवडा तरी लागतो, म्हणून कॉलेज किंवा नोकरीच्या आदल्या दिवशी उतरू नका. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रम सुरू होण्याआधी ३० दिवसांपर्यंत येता येतं, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर मंजुरीतल्या सुरुवातीच्या तारखेच्या १० दिवस आधी. त्यातले निदान पाच दिवस तरी वापरा.