गेटवे ते मांडवा, शिडाच्या होडीने: निघताना या चुका टाळा

पावसाळा सरला की मुंबई बंदरात पुन्हा शिडं दिसू लागतात आणि हौशी मंडळींचा पहिला बेत अलिबागजवळच्या मांडव्याचा ठरतो. अंतर जेमतेम सात-आठ सागरी मैल. पण वाटेत मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजांचा मार्ग आडवा येतो. तिथे फजिती होते ती बहुतेक वेळा धक्का सोडण्याआधीच ठरून गेलेली असते.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘शिडाला पहिला मान’. मोकळ्या समुद्रात यंत्रावरचं जहाज सहसा शिडाच्या होडीला वाट देतं, हे खरं. अरुंद जलमार्गात मात्र समुद्रात टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला नववा नियम चालतो: ज्या जहाजाला त्या मार्गाबाहेर जाताच येत नाही, त्याला शिडाच्या किंवा 20 मीटरहून लहान होडीने अडवायचं नाही. कंटेनरच्या जहाजाला खोदलेल्या मार्गाबाहेर वळायला पुरेसं पाणीच नसतं. शिवाय नाकासमोरचं काहीशे मीटर पाणी वर उभ्या कॅप्टनला दिसतही नाही. 7 ऑगस्ट 2010 रोजी याच बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन अवाढव्य जहाजं एकमेकांवर आदळली, कंटेनर समुद्रात पडले, तेल सांडलं आणि बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. एवढ्या मोठ्यांना जिथे एकमेकांना चुकवता आलं नाही, तिथे तुमच्या होडीसाठी कुणी वळेल ही आशा सोडा.

त्यापेक्षा हिशेब करा. चार नॉट, म्हणजे तासाला चार सागरी मैल, हा वेग सेकंदाला साधारण दोन मीटर. मोठ्या जहाजांच्या मार्गाचा अर्धा किलोमीटर रुंद पट्टा काटकोनात ओलांडायला चार मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. बारा नॉटने येणारं जहाज तेवढ्यात दीड किलोमीटर पुढे सरकतं. वारा मंदावून होडीचा वेग निम्म्यावर आला तर हेच अंतर तीन किलोमीटर धरा. होकायंत्रावर जहाजाची दिशा बघत राहा: दिशा बदलत नाही आणि जहाज मोठं होत चाललंय, म्हणजे टक्कर ठरलेली. अशा वेळी पट्ट्यात शिरूच नका, त्याच्या मागून जा. पाच आखूड भोंगे ऐकू आले तर ते तुमच्यासाठीच आहेत असं समजा.

दुसरी चूक परतीची, आणि माझ्या मते हीच सर्वांत जास्त घडते. थंडी-उन्हाळ्यात सकाळचा मंद वारा पडतो आणि दुपारी वायव्येचा भरतो. मांडवा गेटवेच्या दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे. म्हणजे जाताना वारा पाठीशी, होडी पळते, सगळे खूश. परत फिरलात की तोच वारा तोंडावर येतो आणि नागमोडी जात वेळ दुप्पट लागतो. त्यात पौर्णिमा-अमावास्या असेल तर भरती बाराच्या आसपास आणि दुपारभर उधाणाची, म्हणजे सर्वांत जोराची ओहोटी. म्हणजे परतताना वाराही विरुद्ध आणि पाण्याची ओढही विरुद्ध. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, दुपारी पाणी चढतं, शिवाय भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असल्याने ओढही कमी. नवख्यांनी असाच दिवस निवडावा. नेमक्या वेळेसाठी बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच.

वारा मार्गाच्या ऐन मध्यात पडला आणि आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बसवलेलं इंजिनही बंद पडलं, तर? सुरू होऊन पाच मिनिटांत गुदमरलं असेल तर आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा, तो बंदच राहिलेला असतो. मागून पाण्याची धार येत नसेल तर इंजिन थांबवून वर उचला, पाणी ओढण्याच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटलेली सापडेल. पण हे सगळं पट्ट्यात शिरण्याआधीच तपासायचं: इंजिन चालू करा, धार बघा, मगच ओलांडा.

नांगरलेल्या जहाजाच्या पुढून कधीही जाऊ नका. पाण्याची ओढ तुम्हाला थेट त्याच्या साखळीवर नेऊन आदळते. जहाजाच्या आडोशाला वाराही मिळत नाही. कोळी बांधवांच्या जाळ्यांचे बोये दिसले तर लांबून वळसा घाला. त्यात सुकाणू अडकतं आणि त्यांचंही नुकसान होतं.

व्हीएचएफ रेडिओ 16 या आणीबाणीच्या चॅनेलवर ठेवा, तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर फोनमध्ये आधीच घालून ठेवा आणि परतायची वेळ किनाऱ्यावरच्या कुणाला तरी सांगून निघा. दुपारी दोनपर्यंत मांडवा सोडणं जमत नसेल तर होडी तिथेच नीट बांधून ठेवा आणि गाड्याही नेणाऱ्या रो-रो फेरीने परत या.