बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोव्यात केरीच्या समुद्रावर जाताय? या चुका टाळा

बेळगाव मुळातच उंचावर. त्यामुळे जांबोटी, कणकुंबीपर्यंत चढण फारशी जाणवत नाही आणि चोर्ल्यानंतर सगळा उतार एकदम अंगावर येतो. बहुतेकांची चूक इथंच होते.

माझीही झाली. चौथा गिअर, पाय सतत ब्रेकवर. अर्ध्या घाटात मागून आईनं विचारलं, "काय करपतंय रे?" तोवर ब्रेकचं पेडल मऊ पडलं होतं. असं झालं तर पहिल्या रुंद जागी थांबा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास गाडी निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते. आणि निघताना तो दगड बाजूला टाका हो, मागून दुचाकीवाला येत असतो!

खरा उपाय सोपा आहे: वळणाआधीच दुसऱ्या गिअरवर या, गाडी इंजिनानं रोखून धरा, ब्रेक अधूनमधून दाबा. न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचतं ही समजूत सोडा. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे हल्लीच्या, गाडीत गिअर असताना ॲक्सिलेटर सोडला की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, नियमही तोच आहे.

पावसाळ्यात कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमापाशी, धुकं दाटतं. हाय बीम लावला तर समोर पांढरी भिंतच दिसते. लो बीम ठेवा. चारही इंडिकेटर लावून चालवू नका, तुम्ही कुठं वळताय ते मागच्याला कळत नाही. काच आतून धुरकटली तर एसी लावा.

मॅपवर नुसतं 'केरी' टाकू नका. घाट उतरताच लागतं ते सत्तरी तालुक्यातलं केरी. समुद्राचं केरी पेडणे तालुक्यात, तेरेखोल नदीच्या मुखाशी. पलीकडच्या तीरावर तेरेखोलचा किल्ला. दोन्हींमध्ये तासाभराहून जास्त रस्ता आहे. घाटात रेंज जाते, म्हणून मॅप बेळगावातच उतरवून घ्या.

परतताना गोव्याची दारू डिकीत नको, कणकुंबीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. सूर्यास्तासाठी थांबलात तर घाट रात्री चढावा लागेल. भीमगडचं रान जवळ आहे, गवे रस्त्यावर येतात. गवा दिसला की हॉर्न, डिपर काही न देता लांबच थांबा. एक गेला म्हणून लगेच निघू नका; कळपातले बाकीचे मागून येत असतात.