सुबारू डब्ल्यूआरएक्सला नवीन ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवताना

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की टर्बोची दाबलेली हवा सोडणारा व्हॉल्व्ह. आधी इंजिन पूर्ण गार होऊ द्या, कारण स्टॉक (कंपनीचा मूळ) व्हॉल्व्ह वरच्या इंटरकूलरवरच (टर्बोची हवा गार करणाऱ्या भागावर) असतो आणि चटका बसतो. व्हॅक्यूमचा बारीक पाइप काढा, मग क्लॅम्प सैल करून जाडा होज, आणि शेवटी दोन बोल्ट. जुनं गॅस्केट (जोडातली सील) परत वापरू नका. नवीन बोल्ट आधी हातानेच फिरवा, ॲल्युमिनियमचे आटे पटकन जातात.

आता महत्त्वाचं, आवाजासाठी हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह घेऊच नका, या गाडीत एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा) सेन्सर आहे, त्याने मोजलेली हवा बाहेर गेली तरी ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) तेवढं पेट्रोल टाकतोच, मिक्श्चर रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं) आणि गिअर बदलताना गाडी अडखळते, म्हणून हवा परत इनटेकमध्ये (इंजिनच्या हवा ओढणाऱ्या पाइपात) सोडणाराच घ्या. शेवटी स्टार्ट करून आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनचा वेग) बघा, वरखाली होत असेल तर कुठेतरी लीक असू शकतो.