शीआनमध्ये अडीच दिवस: काय पाहावे, काय खावे

चीनच्या शान्शी प्रांताची राजधानी असलेल्या शीआनला बरेच प्रवासी केवळ मातीच्या सैनिकांसाठी येतात आणि त्याच रात्री पुढची गाडी धरतात. छांगआन या नावाने थांग घराण्याची राजधानी राहिलेल्या या शहराला किमान दोन रात्री द्याव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मुक्काम तटबंदीच्या आत, घंटाघर आणि दक्षिण दरवाजा यांच्या दरम्यान करावा; तेथून निम्मे शहर पायी पाहता येते.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ उत्तम असला, तरी १ मेपासूनची आणि १ ऑक्टोबरपासूनची राष्ट्रीय सुट्टी कटाक्षाने टाळावी. मोठ्या स्थळांची तिकिटे पासपोर्टच्या क्रमांकावर आगाऊ काढावी लागतात. शान्शी इतिहास संग्रहालयाच्या मुख्य दालनांना प्रवेश विनामूल्य आहे, परंतु आरक्षण लवकर संपते आणि सोमवारी ते बंद असते. म्हणून ती तारीख मिळाल्यावरच बाकीचा बेत आखावा. फोनवर अलीपे किंवा वीचॅट यांपैकी पैसे देण्याचे एक ॲप सुरू करून त्याला आपले कार्ड घरूनच जोडून ठेवावे, कारण रस्त्यावरच्या ठेल्यावरही पैसे असेच दिले जातात.

पहिल्या दिवशी दुपारी उशिरा दक्षिण दरवाज्यातून तटावर चढावे. चौदाव्या शतकात मिंग राजवटीत बांधलेला हा तट सुमारे १३.७ किलोमीटर लांब आणि १२ मीटर उंच असून, वरची वाट इतकी रुंद आहे की भाड्याची सायकल घेऊन पूर्ण फेरी मारता येते. विटांवर सायकल बरीच हादरते, तेव्हा दोन तास हाताशी ठेवावेत.

दुसरा दिवस मातीचे सैनिक जेथे आहेत त्या लिनथोंगचा. मेट्रोच्या ९ क्रमांकाच्या मार्गाने हुआछिंग उष्ण झऱ्यांच्या स्थानकापर्यंत आणि तेथून बसने जावे. शक्यतो सकाळी दार उघडण्याच्या वेळी पोहोचावे. १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सम्राट छिन शी हुआंगच्या या मृण्मय सेनेचे पहिले अवशेष सापडले. उत्खननाच्या तीन खंदकांपैकी सगळे लोक थेट पहिल्याकडे धावतात. माझ्या मते आधी तिसरा, मग दुसरा आणि शेवटी पहिला खंदक पाहावा. तिसऱ्यात सेनेचे मुख्यालय दिसते, दुसऱ्यात अर्धवट उत्खननामुळे कोसळलेली छपरे आणि माती तशीच दिसते, आणि त्यानंतर पहिल्या खंदकातील रांगा पाहिल्यावर त्यामागचे श्रम खऱ्या अर्थाने उमगतात. हे पुतळे मुळात रंगवलेले होते. हवा लागताच रंगाचा थर सुटून गळून पडतो आणि उत्खनन सावकाश चालण्याचे ते एक मोठे कारण आहे. कांस्यरथ सम्राटाच्या समाधीच्या परिसरातील वेगळ्या संग्रहालयात आहेत. त्याच तिकिटात तेथे जाता येते, तेव्हा ते चुकवू नयेत.

परतल्यावर संध्याकाळ घंटाघराच्या पश्चिमेकडील मुस्लिम मोहल्ल्यात घालवावी. दिव्यांनी झगमगणाऱ्या मुख्य गल्लीपेक्षा साजिन्छ्याव आणि दापीयुआन या बाजूंच्या गल्ल्यांत स्थानिक गिऱ्हाईक जास्त असते. येथे यांगरोउ पाओमो खायलाच हवे. आपल्यापुढे रिकामा वाडगा आणि घट्ट, कोरडी रोटी येते. ती स्वतःच्या हाताने सोयाबीनच्या दाण्याएवढी बारीक कुस्करायची असते, आणि त्याला सहज पंधरा-वीस मिनिटे लागतात. तुकडे मोठे राहिले तर रस्सा आत मुरत नाही, म्हणून येथे घाई करू नये. मग वाडगा स्वयंपाकघरात जातो आणि मटणाचा रस्सा, मांस व शेवया घालून शिजवून परत येतो. सोबत गोड मुरवलेला लसूण आणि मिरचीची चटणी देतात. सगळे एकदम न ढवळता कडेकडेने खात जावे. त्यामुळे ते शेवटपर्यंत गरम राहते. शाकाहारी वाचकांनी ल्यांगपी ही गार, आंबट-तिखट पट्ट्यांची थाळी, किंवा वरून कडकडीत तेल ओतलेल्या रुंद बियांगबियांग नूडल्स घ्याव्यात; मात्र मांस, चरबी, मटणाचा रस्सा चालत नाही, हे चिनी लिपीत फोनवर लिहून दाखवावे. लिनथोंगच्या पर्सिमन फळांचे तळलेले गोड वडे गरमच खावेत. जवळच्या महामशिदीचे चिनी वळणाचे छत आणि अंगणे पाहायची असतील, तर मात्र दिवसाच जावे.

उरलेला अर्धा दिवस मोठ्या रानहंस पॅगोडासाठी ठेवावा. भारतातून आणलेले ग्रंथ जपण्यासाठी बौद्ध भिक्षू युआन श्वांगने (ह्युएन त्संगने) तो ६५२ मध्ये उभारवला. याच भिक्षूने चालुक्य राजा पुलकेशीच्या काळातील महाराष्ट्राचे वर्णन लिहिले, हे ठाऊक असलेल्या मराठी माणसाला तेथे थोडा वेळ थांबावेसे वाटेल.

जलदगती गाड्या सुटणारे उत्तर स्थानक तटाबाहेर बरेच दूर आहे. मेट्रोच्या २ क्रमांकाच्या मार्गाने तासभर आधी पोहोचावे. गाडीत खाण्यासाठी रोउजियामो, म्हणजे मांस भरलेली रोटी, बांधून घ्यावा. मोहल्ल्यात तो गोमांसाचा आणि बाहेर बहुधा डुकराच्या मांसाचा असतो, तेव्हा घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.