पॉली-८०० मुका झाला होता, तो कसा बोलता केला (माझा अनुभव)

कॉर्गचा पॉली-८०० सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक आवाज बनवणारा कीबोर्ड), १९८३ चं मॉडेल, सेकंडहँड घेतला, आधीच्या मालकाने घरीच भोकं पाडून कटऑफ आणि रेझोनन्सच्या (आवाज गाळणाऱ्या फिल्टरच्या सेटिंग) वेगळ्या नॉब बसवल्या होत्या. मस्त चालायचा, मग एक दिवस आवाजच गायब, डिस्प्ले मात्र चालू, प्रोग्रॅम नंबर पण बदलत होते.

आता यात आठ व्हॉइस आहेत (म्हणजे एकावेळी आठ सूर वाजतात) पण फिल्टर सगळ्यांना मिळून एकच, त्यामुळे आठही एकदम गप्प म्हणजे ऑसिलेटरवर (मूळ सूर तयार करणारा भाग) संशय घेण्यात काही अर्थ नाही, फिल्टर किंवा त्याच्या पुढेच काहीतरी. आधी मल्टीमीटरने सप्लाय बघितला, ठीक होता. गंमत म्हणजे झाकण उघडं ठेवलं की आवाज यायचा आणि स्क्रू आवळले की बंद! बघतो तर नॉबकडे जाणारी वायर स्क्रूच्या खांबाखाली चेपलेली, प्लास्टिक सोललेलं, आतली तांब्याची तार शेजारच्या धातूच्या टॅगला टेकत होती.

मॉडच्या (त्या घरी बसवलेल्या नॉबच्या) सगळ्या वायरी बोर्डापासून सोडवल्या, आवाज आला. पण एका जागी इतकं सोल्डर थापलं होतं की काढताना पॅडच (बोर्डावरची सोल्डरची तांब्याची टिकली) उचकटलं, मग पुढच्या ट्रॅकवरचा हिरवा थर ब्लेडने हलक्या हाताने खरवडून बारीक जंपर (जोडणारी तार) टाकला आणि मल्टीमीटरच्या कंटिन्युइटीला (जोड लागलाय का ते बघायला) बीप ऐकल्यावरच पुढे गेलो. नंतर नॉब परत जोडल्या, पण पातळ वायर, जोडांवर हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) आणि मधे छोटा कनेक्टर, म्हणजे परत उघडायची वेळ आली तर ओढाताण नको. रेझोनन्स फुल्ल केला की शिट्टी काय भारी वाजते राव.