नागपुरात मेंटल हेल्थचं काम सुरू करायचंय? मग हे वाचा

डॉक्टर न होता मेंटल हेल्थमध्ये काम करता येतं का, असं बरेच जण विचारून राहिले. येतं ना! डॉक्टर गोळ्या लिहून देतात, पण पेशंट घरी गेल्यावर त्या काहून बंद करतो, घरचे त्याला आधी मांत्रिक-बाबाकडे का नेतात, कामावर परत घेतात की नाही, हे बघायला दुसरी माणसं लागतात आणि तीच कमी आहेत.

लोकांसोबत, घरच्यांसोबत काम आवडत असेल तर सोशल वर्क घ्या. बजाजनगरात मातृ सेवा संघाचं कॉलेज आहे, सदरमध्ये तिरपुडे कॉलेज आहे. एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कमधलं एमए, करताना फील्डवर्कसाठी प्रादेशिक मनोरुग्णालय किंवा मेडिकलचा (सरकारी मेडिकल कॉलेजचा) मानसोपचार विभाग मिळतो का ते स्वतःहून विचारा, कारण ओपीडीबाहेर बसलेल्या नातेवाईकांशी बोलून जे कळतं ते वर्गात कळत नाही. सायकॉलॉजीत एमए केलं तरी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही बरं, त्यासाठी आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेला कोर्स आणि रजिस्ट्रेशन लागतं, म्हणून फी भरायच्या आधी मान्यता तपासाच. नर्सिंगवाल्यांना सायकियाट्रिक नर्सिंगची वाट आहेच.

दोन दिवसांचं ऑनलाइन सर्टिफिकेट घेऊन काउन्सेलरची पाटी मात्र लावू नका, समोरच्याचा जीव त्यात अडकलेला असतो.

आतापासून शिकायची गोष्ट म्हणजे ऐकणं. समोरचा बोलतोय तर "टेन्शन नको घेऊ" म्हणून त्याला थांबवू नका. सल्ला घाईघाईत देऊ नका. कोणी "आता जगून काय करू" म्हणालं तर सरळ विचारा की जीव द्यायचा विचार येतो का, विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावा, जवळच्या दवाखान्यात न्या. एरवी त्याने सांगितलेलं चार लोकांत बोलायचं नाही, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलाय, पण जीवाला धोका असेल तर गुपित म्हणून गप्प बसायचं नाही.

विदर्भात हे काम शेतकऱ्यांच्या घरापर्यंत जातं. 2015 मध्ये सुरू झालेल्या राज्य सरकारच्या प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघरी जाऊन ताण ओळखायच्या. त्यामुळे वऱ्हाडी बोली येत असेल तर ती लपवू नका, कामात तीच लागते.

नोकरीसाठी एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) जाहिराती बघत राहा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सोशल वर्कर, सायकॉलॉजिस्ट, नर्स अशी पदं असतात, बरीच कंत्राटी. संस्थेत इंटरव्ह्यूला गेलात तर पगारासोबत हेही विचारा की अवघड केस आली तर मी कोणाशी बोलायचं, आणि उत्तर नीट मिळालं नाही तर दुसरी जागा शोधा.